अकरा मिनिटांची बॅटरी

“वरचे दोन दात आलेत अप्पा, आणि खालचे तर—” सुधींद्र सांगत होता, आणि पडदा काळा झाला.

सुकन्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा मिनिटं. मागच्या रविवारीही अकराच झाली होती. लॅपटॉपच्या मागं उभी राहून ती आई-अप्पांच्या तोंडावर चार्जिंगचा दिवा धरून होती, कारण उजेड नसला की तिकडं अमेरिकेत सुधींद्रला ते दोघं दिसायचे नाहीत. सुकन्या दिसते की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

खटकचिंचोळीत सातला लाइट जायची ती नवाला यायची. सुधींद्रला मात्र सातचीच वेळ जमायची. तिकडं तेव्हा सकाळ. दुसरी वेळ मागायची अप्पांची हिंमत नव्हती. शिक्षिका असलेल्या लेकीला शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला तर दारात उभे राहून घड्याळ दाखवणारे अच्युतराव, निवृत्त हेडमास्तर, ते हेच.

“बीदरला जाऊन नवी बॅटरी आण बाई,” आई, जानकीबाई, म्हणाल्या. “नातीचे दातपण धड ऐकू द्यायला न्हाई ही.”

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सुकन्या बीदरच्या बसमध्ये बसली. मांडीवर रुमालात गुंडाळलेली जुनी बॅटरी होती. सुधींद्र दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा स्वतःचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. त्या दिवसापासून सगळं घर त्या लॅपटॉपभोवती फिरत होतं. सुकन्या सुधींद्रपेक्षा सात वर्षांनी मोठी. तिच्या पगारावर तो इंजिनिअर झाला, आणि तिचं लग्न जुळता जुळता राहिलं ते राहिलंच. तिला याचं दुःख नव्हतं, असं ती सगळ्यांना सांगायची. पाठच्या भावाचा हेवा करू नये हे तिलाही कळत होतं, पण कळून काय उपयोग?

दुकानदार गुरुपादय्यानं बॅटरी उलटी करून खालचा नंबर वाचला, मग दोन बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या.

“ही कंपनीची, ही डुप्लिकेट. हातात घेऊन बगा टीचर, हलकी लागंल. स्वस्त हाय, पन सहा म्हैन्यात रडवती.”

सुकन्यानं जड ती निवडली.

“पयली कामून मेली इतक्या लवकर? घरात कुठं ठेवता?”

“देवघरात. शालीत गुंडाळून. लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला लावलेलाच असतो. पोराचा फोन कधी येईल सांगता येत न्हाई, म्हणते आई.”

गुरुपादय्या हसला. “मग उबेनंच मेली म्हना की! नवी तरी जपा. सारखी पिनला लावू नका. पुरती भरू नका, पुरती उतरू देऊ नका. गादीवर ठेवू नका. पडद्याचा उजेड कमी करा. आणि वापरायची न्हाई तवा अर्धी भरून थंड जागी ठेवा.”

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यातून ती शाल जाईना. काश्मीरची, अप्पांना निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेली. गेल्या थंडीत सुकन्या आठ दिवस तापानं फणफणली होती, तेव्हा तिच्या अंगावर जुनी चादर होती. शाल लॅपटॉपवर होती.

घरी आल्यावर ती काय बोलली याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“न्हाई मिळाली. हैदराबादहून मागवावी लागंल म्हणाला. तवर हाय तीच जपून वापरा.” जपायचे सगळे नियम तिनं आईला सांगितले. नवी बॅटरी कपाटात साड्यांखाली गेली, नियमाप्रमाणे अर्धी भरलेली, थंड जागी.

त्यानंतरचे तीन रविवार सुकन्यानं चोरून खाल्लेल्या लाडवासारखे चाखले. पडदा काळा झाला की अप्पा लॅपटॉप मिटून ठेवत. मग करायला दुसरं काही नसल्यामुळे तिच्याकडं वळत. “शाळेत काय चाललंय गं?” असं एकदा विचारलं. एकदा आपल्या हेडमास्तरकीच्या गोष्टी सांगता सांगता ते इतके हसले की ठसका लागला. दोन तास ते तिचे होते. अकरा मिनिटं त्याची, दोन तास माझे, असा हिशेब करून ती मनात खूश व्हायची, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी शाळा लवकर सुटली. सुकन्या घरी आली तर आई स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरींशेजारी गार फरशीवर बसलेली. मांडीवर लॅपटॉप, पण मिटलेला. रोज दुपारी त्यात नातीचे फोटो बघायचा तिचा नेम होता.

“बंद कामून ठेवलीस आई? फोटो बघंनास?”

“आठ दिवस झाले, बघायलेच न्हाई मी. उजेड कमी केला, शाल काढली, हितं गारव्याला ठेवला. मागच्या रविवारी तेरा मिनिटं चालली, ध्यानात आलं का तुझ्या?”

“दोन मिनिटांनं काय होतंय?”

“अगं, सुधी आमचं बोलणं झालं की अक्काला द्या म्हणणार असतो. तुझ्या अप्पांना पत्रात लिहिलंय त्यानं. तुझी पाळी यायच्या आतच बंद पडतंय मेलं. दोन दोन मिनिटं राखली तर एक दिवस पोचंल की तुझ्यापर्यंत.”

तोंड धुवायच्या निमित्तानं सुकन्या न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी सकाळी तिनं सांगितलं, “आली बॅटरी. हैदराबादहून.” जानकीबाईंनी नवी बॅटरी हातात घेऊन देवाला दाखवली. सुकन्याच्या खोटेपणासकट बॅटरीला हळद-कुंकू लागलं.

संध्याकाळी सातला लाइट गेली. अकरा मिनिटं झाली, तेरा झाली, वीस झाली. दात झाले, रांगणं झालं, तिकडची थंडी झाली. अप्पांना विचारायचं सगळं विचारून झालं.

“अक्का कुठाय?” सुधींद्र म्हणाला. “समोर ये की.”

सुकन्या समोर जाऊन बसली. दिवा तिच्याच मांडीवर राहिला.

“अंधार हाय नुसता. दिसंनास तू.”

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी तिच्या मांडीवरचा दिवा उचलला आणि लॅपटॉपच्या मागं, रोज ती उभी राहायची तिथं, जाऊन उभे राहिले.

किती वर्षांचं बोलायचं साठलं होतं, पण तिच्या तोंडून आलं ते एवढंच, “जेवलास का?”

“आत्ता तर उठलोय की गं!” तो हसला. मग पडद्याजवळ तोंड आणून बघत राहिला. “अक्का, केस पांढरे झाले की तुझे. कवा झाले?”

अप्पांनी दिवा आणखी वर उचलला, दुसऱ्या हातानं चष्मा सावरला, आणि लॅपटॉपच्या वरून लेकीच्या केसांकडं बघू लागले.

“हॅलो,” सुधींद्र म्हणत होता. “हॅलो अप्पा, ऐकू येतंय का?”

अप्पा दिवा धरून लेकीकडं तसेच बघत उभे होते.