डाव्या बाजूचा आवाज

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात शेषेराव सरांनी मला घरी बोलावलं. सर बारावीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि त्यांना गाणी ऐकायचा लई नाद. हौसेनं नवा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले होते, पण डावा दबलेला वाटतो, अशी त्यांची तक्रार होती.

त्या अॅम्प्लिफायरसोबत एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवला की मशीन शिट्टीसारखे आवाज सोडतं, खोली कुठं घुमते ते मोजतं आणि त्याप्रमाणं आवाज आपोआप सुधारतं. मी ते केलं. सरांनी ऐकून मान हलवली. डावा अजून कमीच होता. हे मशीनच डावीकडचा आवाज कापत असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शंका मलाही आली. दुसऱ्या दिवशी मी माझा मोजणीचा माइक आणि लॅपटॉप घेऊन गेलो. सरांच्या कानाच्या उंचीवर माइक लावून आधी मशीनची सुधारणा बंद ठेवून मोजलं, मग चालू करून. डावा स्पीकर कोपऱ्यात, त्यामुळं सुधारणा बंद असताना त्याचा खर्ज फुगलेला होता. चालू केल्यावर ग्राफवर दोन्ही स्पीकरच्या रेषा एकमेकींवर बसल्या, म्हणजे आवाज सारखाच. सरांना ग्राफ समजावायची गरज नव्हती, तरी त्यांना ते पटेना. वायरी अदलून-बदलून पाहिल्या. डावाच कमी.

मग मी त्यांना खुर्ची फिरवून स्पीकरकडं पाठ करून बसायला सांगितलं.

"आता उजवा कमी झाला आणि डावा वाढला," सर म्हणाले. मग त्यांनी उजव्या कानात बोट घातलं.

"गाणं बंद का केलंस?"

"न्हाई सर. चालू हाय."

त्यांनी बोट काढलं, परत घातलं. सरांच्या पत्नी तारामतीवहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"मला वाटायचं, तुम्हाला ठावं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नापासून मी तुमच्या उजव्या अंगानंच चालते. डावीकडून हाक मारली तर तुम्ही ओ देत न्हाईत."

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा सर एकोणीस वर्षांचे होते. किल्लारीकडच्या त्यांच्या गावात घराची भिंत अंगावर पडली आणि चार तास ते डावी बाजू दाबलेल्या अवस्थेत तिच्याखाली होते. त्या पहाटे आई आणि धाकटा भाऊ गेले. सरांचा पाय मोडला होता, तो जुळला. त्या दिवसांत कानाचं कोण विचारणार? पुढं फोनसुद्धा ते कायम उजव्या कानालाच लावत आले.

मला वाटलं, सरांना धक्का बसलाय तो कानाचा. पण ते वेगळंच बोलले.

"मुज्तबा, वर्गात मुली माझ्या डाव्या हाताला बसतात."

वीस वर्षं ते पालकांना सांगत आले होते, की मुली शंकाच विचारत नाहीत. निलंग्याच्या दानम्मा नावाच्या मुलीच्या वडिलांना तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की हिला शिकायची ओढ नाही. वडिलांनी तिला वर्षाच्या मध्येच क्लासमधून काढलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कानाची नस जुन्या मारानं गेलीय, आता इलाज नाही. सरांनी निलंग्याहून दानम्माचा नंबर मिळवला. ती आता उदगीरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सरांनी फोनवर तिची माफी मागितली.

"सर, मी तीनदा हात वर करून विचारलं होतं," ती म्हणाली.

जूनमध्ये सरांनी मला क्लासला बोलावलं. मुलींच्या बाकांवर फिरवायला एक हातातला माइक आणि सरांच्या उजव्या बाजूला एक लहान स्पीकर, एवढं मी बसवलं. पहिल्या तासाला वायर तपासत मी मागं उभा होतो. सरांनी मुलींना आपल्या कानाचं सरळ सांगून टाकलं आणि शंका विचारायला सांगितलं. बराच वेळ माइक नुसताच हातोहात फिरत राहिला. मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं तो तोंडाजवळ धरला. त्या दिवशीचा तास पाऊण तासानं लांबला.