गोळी घेतली असेल तर एक दाबा

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझा रंग एके काळी काळा होता. आता कोणता आहे, ते मलाही सांगता येणार नाही. काच कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीचं झाकण रबराने बांधून ठेवलेलं आहे. स्वभावाने मी पहिल्यापासूनच भित्रा. कारखान्यात पट्ट्यावरून सरकताना मला पडायची भीती वाटायची, खोक्यात भरल्यावर अंधाराची वाटली. पाण्याचं तर नावच काढू नका.

चामोर्शीच्या एका दुकानातून मला प्रफुल नावाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घरी नेलं. त्याने माझे फार लाड केले. झोपतानाही मी त्याच्या उशाशी असायचो. मग मोठ्या काचेचा नवा फोन आला आणि माझी रवानगी फडताळात झाली. तिथे एक उंदीर होता. त्याच्याविषयी मी बोलणार नाही.

पुढे धान कापायला भामरागडकडची माणसं आली, त्यांत जंगू होता. शांत, कष्टाळू माणूस. प्रफुलने मला चार्जरसकट त्याच्या हातावर ठेवलं आणि मी जंगलात आलो.

जंगूचं गाव नाल्यापलीकडे आहे. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद होते. गावात माझा काही उपयोग नसतो. टेकडीवर एक मोठा खडक आहे, तिथे उभं राहिलं तरच रेंज मिळते, आवाज येतो. म्हणून गावातली माणसं त्या खडकालाच ‘टावर’ म्हणतात. जंगू रोज सकाळी गुरं सोडली की मला घेऊन टावरवर जायचा.

त्याला कारण होतं त्याची बायको, सोमारी. तिला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि मग हाडं फुटल्यासारखी दुखतात. आजार जन्मभराचा, म्हणून गोळीही रोजची. नाल्याअलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स रंजीताबाईंनी माझा नंबर लिहून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी माझ्यावर एक रेकॉर्ड केलेला गोड आवाज येऊ लागला. तो त्यांच्या माडिया बोलीत सांगायचा, गोळी घेतली असेल तर एक दाबा. घेतली नसेल किंवा दुखत असेल तर दोन दाबा.

सोमारीला टेकडी चढून धाप लागायची, म्हणून बटण जंगू दाबायचा. निघताना तो दारातून विचारायचा, गोळी घेतली का? ती आतून हो म्हणायची. तो वर जाऊन एक दाबायचा. दोनला त्याने कधी हात लावला नाही. एकदा टावरवर भेटलेल्या पत्रू नावाच्या शेजाऱ्याला तो म्हणाला होता, “दोन दाबलं तर बाईले वरचे लोक बोलतीन. बिचारी इतक्या दूर चालत येते. तिचं नाव काऊन खराब करू?”

मला तेव्हा अभिमान वाटायचा. फडताळातला मोबाईल आता एका बाईचा जीव सांभाळत होता! केंद्रात माझ्या नंबरापुढे रोज हिरवी खूण पडते, असं रंजीताबाई कौतुकाने सांगायच्या.

पण जंगू शेतात गेला की मी खुंटीवर असायचो, आणि तिथून मला घर दिसायचं. सोमारी गोळी हातावर घेऊन बसायची. एक दिवस तोंडात टाकायची. दुसऱ्या दिवशी टाकायची नाही. उठून चुलीवर टांगलेल्या, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवायची. त्या घरात सगळंच पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. मोहफुलं, वाळवलेली मासळी, बियाणं, सरपण. त्यातच आता गोळ्या जमू लागल्या. त्या अर्ध्या औषधावर ती दिवस काढत होती आणि मी वर जाऊन रोज ‘घेतली’ म्हणून कळवत होतो. मला जे दाबतात तेच मी पोचवतो, मित्रांनो. मला तोंड नाही. त्या हिरव्या खुणेची मला भीती वाटू लागली.

पाऊस आला आणि उघडलाच नाही. नाला भरला. मला चार्ज करणाऱ्या छतावरच्या सौर पॅनलला ऊन मिळेना, माझी बॅटरी उतरत चालली. आणि एका सकाळी सोमारीला उठता येईना. तिचे गुडघे, कंबर, छाती, सगळं दुखत होतं. अंग तापलं होतं, डोळे पिवळे पडले होते. जंगू गुरं सोडायला गेला तेव्हा तिने रडत रडत शेजारणीला तुंब्यातल्या गोळ्या काढायला लावल्या. पण दुखणं असं उसळल्यावर राखून ठेवलेली गोळी ते थांबवू शकत नाही. ती कण्हत होती आणि मी खुंटीवर थरथरत होतो.

जंगूने मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि तो टावरकडे धावला. वरून पाणी, खाली चिखल. दोनदा त्याचा पाय घसरला. वर पोचलो तर रेंजच नाही. तो माझ्यावर पाठ वाकवून, पावसाला आडवा उभा राहिला. माझी बॅटरी शेवटच्या रेघेवर होती. मी विझलो तर सोमारीचं काय, एवढं एकच माझ्या मनात होतं.

मग तो गोड आवाज आला. गोळी घेतली असेल तर एक दाबा. जंगूचा अंगठा सवयीने एककडे गेला. अंगठा थांबला, आणि त्याने दोन दाबलं.

थोड्याच वेळात रंजीताबाईंचा फोन आला. “जंगूभाऊ, आज दोन काऊन दाबलं? का झालं सोमारीबाईले?”

“बाई, उठत नाई ती. अंगात आग आहे. लय रडून राह्यली.”

“गोळी रोज घेते ना?”

“रोज घेते. मी रोज एक दाबतो ना!”

बाई म्हणाल्या, “तिले पानी पाजत राहा. गरम पांघरून घाला अन् खाटेवर नाल्यावर आना. मी इकडून डोंगा पाठवतो—” एवढं ऐकलं आणि मी विझलो.

विझलेल्या मोबाईलला काही कळत नाही. खाट निघाली की नाही, नाल्याच्या त्या लाल पाण्यात डोंग्याची लहानशी होडी टिकली की नाही, मला ठाऊक नाही. पुन्हा जाग आली तेव्हा मी केंद्रातल्या टेबलावर चार्जिंगला होतो. जंगू भिंतीला टेकून, डोकं गुडघ्यात घालून बसला होता. त्याला तसं पाहून मी समजलो की सगळं संपलं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून सोमारीचा बारीक आवाज आला. तिला सलाईन लावलं होतं. ती जिवंत होती!

रंजीताबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, सोबत आणलेला गोळ्यांचा तुंबा त्यांच्या मांडीवर होता. “गोळ्या राखून काऊन ठेवल्या, बाई? मले सांगतलं काऊन नाई?”

सोमारी म्हणाली, “मागच्या पावसात गोळ्या सरल्या. वाट बंद. कोनी आलं नाई. लय दुखलं, बाई. म्हून उरवून ठेवल्या.” मग म्हणाली, “अन् फोन तर इतकंच इचारते, घेतली का नाई घेतली. उरवून ठेवली, याचं बटन कुठी आहे?”

बाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि मग शब्द दिला, “आता रोज पुरी गोळी घ्या. पुढच्या पावसाआधी चार महिन्यांच्या गोळ्या तुमच्या घरी पोचवतो. हे माझ्याकडे लागलं.”

तेव्हापासून सोमारी रोज गोळी घेते. तिची तब्येत सुधारली आहे. आता ती स्वतः हळूहळू टेकडी चढते आणि बटण स्वतः दाबते. तुंब्यात आता एकही गोळी नाही.

मित्रांनो, माझी भीती इथे संपायला हवी होती. पण वर्ष उलटलं, आणि आज सकाळी ती टावरवर आली तेव्हा टेकडीमागे आभाळ काळं झालं होतं. तिने बाईंना फोन लावला. “बाई, गोळ्या सरत आल्या. पानी येऊन राह्यलं. तुमी येसाल ना?”

“वरून माल आला नाई अजून, सोमारीबाई. मी रोज फोन करून राह्यली. मी येतो, कशीबी येतो...” पुढचं वाऱ्यात गेलं. सोमारीने मला पदराच्या गाठीत बांधलं आणि ती टेकडी उतरू लागली.

मी म्हातारा झालो. माझी काच बदला, मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी डॉक्टर होईल, कोणी औषधांची गाडी चालवेल, कोणी माझ्यासारख्या फोनांना बोलायला शिकवेल. त्यांना माझं सांगणं आहे. सोमारीने गोळ्या राखणं सोडलं, ते बाईंच्या शब्दावर, आणि तो शब्द पाळणं तुमच्या हातात असेल. नाला भरायच्या आत तिच्याकडे या.