भातावर टांगलेली जॅझची सीडी

मी सीडी बोलतेय. मधेच अडकले तर रागावू नका. माझं जे काही नाव झालंय, ते अडकल्यामुळेच.

माझ्या पोटात जॅझ आहे. बेटेगावचा प्रदीप बोईसरच्या कारखान्यात मशीन चालवतो आणि सुट्टीला सॅक्सोफोन वाजवतो. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. चौघांनी समोरासमोर बसून एका दिवसात मला वाजवलं. कुठे जोड नाही, ठिगळ नाही. केवढा तोरा होता मला! दोनशे प्रती निघाल्या आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की सीडी लावायचं यंत्र आता कुणाच्याच घरी नाही.

प्रदीपला मात्र एकाच माणसाला मला ऐकवायचं होतं. त्याचा बाप सुका, गावचा तारपावाला. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांब फुंकवाद्य; तो वाजू लागला की नाचणारे फेर धरतात, पण तारप्याला कधी पाठ दाखवत नाहीत. मुलानं तारपा सोडून हे पितळी वाद्य घरी आणलं, त्या दिवशी हाच सुका पाठ फिरवून बसला होता. ते प्रदीपला अजून सलत होतं.

म्हणून त्यानं मला बोईसरला आलेल्या आईच्या, सोमीच्या हाती, आत काय आहे ते न सांगताच घरी धाडलं. गावात सीडी म्हणजे लग्नाची. सुकानं मला उलटसुलट बघितलं. “कोनाच्या लगनाची हाय?” नवरानवरी काही दिसेनात, तेव्हा पाखरं हाकायला त्यानं मला भातावर टांगलं. मी म्हणे रसिकांना जिंकणार होते! चिमण्यासुद्धा चार दिवसांत सरावल्या.

प्रदीप घरी आला आणि मला शेतात बघून मटकन बांधावर बसला. “बाबा, ही माजी गानी हायत.”

सुका ओशाळला. “मला काय म्हाईत? लाव मंग.”

शेजारच्या धीरजच्या जुन्या टेम्पोत सीडी लागायची. मला लुंगीला पुसून आत ढकललं. तीन गाणी सुका मान खाली घालून बसला होता. “लय पळतं रे. पाय कुटं टाकायचा?”

चौथ्या गाण्यात, शेतात वाऱ्यानं खांबावर आपटून पडलेला ओरखडा आडवा आला आणि मी अडकले. सॅक्सोफोनचे तेच चार सूर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रदीप बंद करायला धावला.

“ऱ्हाऊ दे!” सुका उठून उभा होता. “आता जमला. आता तारपा वाजला!”

तारप्याची चाल अशीच फिरत राहते ना! सुकानं सोमीच्या कमरेला हात घातला, शेजारी जोडले गेले, टेम्पोभोवती फेर सुरू झाला. सुकाचं तोंड शेवटपर्यंत टेम्पोकडेच होतं. एकदाही त्यानं पाठ केली नाही. प्रदीप ते बघत उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

आता मी सुकाच्या भिंतीवर, तारप्याशेजारी असते. बाकीच्या बहिणी खोक्यात आहेत, बिनओरखड्याच्या, बिचाऱ्या. माझी एवढीच विनंती: ओरखडा बुजवू नका आणि निघताना माझ्याकडे पाठ करू नका, करू नका, करू नका, करू नका…