नव्वदाव्या मिनिटाला बंद होणारा टीव्ही

मी खर्ड्यातल्या एका घरातला जुना टीव्ही आहे आणि मित्रांनो, मला तक्रार करायची आहे.

आठ वर्षे मी जगातला सर्वोत्तम फुटबॉल दाखवला, पण एक सामना सोडला, तर बरोबरीत गेलेल्या कुठल्याही सामन्याचा शेवट मला पाहायला मिळाला नाही. दोष माझ्या यंत्रात नव्हता. दोष होता गोरक्षनाथ तात्यांचा. त्यांनीच मला जामखेडच्या दुकानातून टेम्पोत, दोन गोधड्यांच्या मध्ये निजवून घरी आणले होते.

खरे तर फुटबॉलचे वेड त्यांच्या मुलीला, अश्विनीला. तिच्या शेजारी बसता बसता तात्याही बघू लागले. देशांची नावे त्यांना कधीच पाठ झाली नाहीत. पिवळे, निळे, चौकटीवाले, एवढ्यावर त्यांचे भागे. मात्र नजर पक्की होती. वीस वर्षे ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच होते. कोणी अलगद पाय घालून चेंडू काढून घेतला, की मांडीवर थाप पडे. "वा! पट काढला की रं!" कोणी गवतावर लोळून विव्हळू लागला, की म्हणत, "ऊठ, ऊठ! माती बी लागली न्हाई अंगाला!"

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. पण जत्रेत दोन पैलवान तोडीस तोड निघाले, की पंच दोघांचे हात वर करतो आणि कुस्ती बरोबरीत सोडवतो. तात्यांनी हाच नियम साऱ्या जगाला लावला. नव्वद मिनिटे झाली आणि बरोबरी असली, की ते उठत आणि भिंतीवरचे बटण खटकन बंद करत.

"सुटली बरोबरीत. चला, ताटं घ्या."

"तात्या, बाद फेरी आहे! अजून अर्धा तास खेळतील, मग पेनल्टी! कुणीतरी जिंकावंच लागतं!"

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे तसा!"

"त्यांचा आसंल. ह्या घरात पंच मी हाय."

आतून तात्यांच्या पत्नी रतनबाई म्हणत, "तुमी भांडा बापलेक. मी त्या टीव्हीला जेवाय वाढते."

मला कोणी जेवायला वाढले नाही. पाठीमागे पाल राहायला आली, चित्रात एक गुलाबी रेघ उमटली, आणि बटणाचे ते खटकन चालूच राहिले.

मग कतारचा विश्वचषक आला. त्या वर्षी डॉक्टरांनी तात्यांच्या हृदयाबद्दल अश्विनीला बाजूला घेऊन सांगितले होते. पुढचा विश्वचषक चार वर्षांनी. तिने मनाशी हिशेब केला, नगरच्या नोकरीतून रजा काढली आणि ठरवले, एकदा तरी तात्यांना शेवट दाखवायचाच.

बाद फेरीत निळे आणि चौकटीवाले, एक-एक गोल. नव्वद मिनिटे संपली. तात्या उठू लागले, तशी अश्विनी बटणासमोर जाऊन उभी राहिली.

"आज नाही, तात्या."

"सरक."

"नाही सरकणार."

तात्यांना धाप लागली होती. ते खाली बसले. जादा वेळातही निकाल लागला नाही. मग पेनल्टी सुरू झाल्या. माझा आनंद काय सांगू! पण निळ्यांचा एक चेंडू अडला, दुसराही अडला. शेवटी चौकटीवाले नाचत धावले आणि एक निळा पोरगा सदऱ्यात तोंड लपवून उभा राहिला. मी त्याला पडदाभर दाखवला.

"बघितलंस?" तात्या म्हणाले. "ह्याच्यासाठी बंद करत हुतो मी."

अश्विनी त्यांच्याकडे वळली. तात्या पडद्याकडेच बघत बोलत राहिले.

"बरोबरीत सुटलेले दोघं पैलवान एका जीपमधी बसून, गाणी म्हणत जायाचे. पडलेला एकटाच जायाचा, तालमीतल्या पोरांना तोंड चुकवून. ईस वर्सं बघितलंय. इतकं चांगलं खेळून कुनी तसं घरी जावं, हे मला बघवत न्हाई."

"मग मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तू कधी इचारलंस? तू नियम सांगायचीस."

अश्विनी बटणापासून बाजूला झाली. तात्या मात्र उठले नाहीत. तो निळा पोरगा मैदानाबाहेर जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले.

तो त्यांचा शेवटचा विश्वचषक.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, पाल हाकला, बटण जपून दाबा. या माझ्या मागण्या आहेतच. पण तुमच्या घरात कोणी सतत एकच वेडेपणा करत असेल, तर त्याच्यावर नुसते चिडू नका. मी आणि अश्विनी आठ वर्षे चिडलो, मी आतून आणि ती बाहेरून. "का बंद करता, तात्या?" एवढे विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते.