काढलेला प्लग

आमच्या बाल्टिमोरच्या चर्चमध्ये ख्रिसमसच्या झाडाखाली आगगाडीची बाग मांडतात. शेवाळाचे डोंगर, पुठ्ठ्याची घरं, आरशाचं तळं आणि मधून धावणारी खेळण्यातली गाडी. यंदाची गाडी आर्डेलाबाईंची, म्हणजे त्यांच्या देवाघरी गेलेल्या नवऱ्याची, वेंडेलची. जुनी, पत्र्याची, विजेवरची. तो गेल्यापासून खोक्यातच होती. बाईंनी ती देताना सांगितलं, "गाडी जळली किंवा कुणाला धक्का बसला, की मी ती घरी नेणार. पुन्हा मागायची नाही."

वायरिंग चर्चचे कारभारी, डीकन क्लिओफस टायरींनी अंगावर घेतलं. घेतलं कसलं, ओढून घेतलं. देवाने या माणसाला बाकी सगळ्याचं वाटप संपल्यावर नुसता आवाज दिला आहे. पास्टर आयसम प्रवचन गाऊ लागले की ऑर्गन त्यांच्या श्वासामागून चालतो, मंडळी डोळे मिटून डोलतात, आणि सूर टिपेला पोचायच्या आत डीकनसाहेब "आमेन!" ठोकून मोकळे होतात. वायरिंगही त्यांनी त्याच घाईने केलं.

शनिवारी दुपारी सगळे हॉलमध्ये सजावट करत होतो. गाडी चढावर दमायची, म्हणून डीकनने घरचा दुसरा ट्रान्सफॉर्मर आणून त्याच रुळांना पलीकडून जोडला. दोन्हींचे प्लग भिंतीत. गाडी सुसाट सुटली.

"बघा सिस्टर आर्डेला! वेंडेलला जन्मात सुचलं नसतं."

"वेंडेलला बरंच काही सुचायचं नाही, डीकन. म्हणून तर तो सत्तरी बघून गेला."

दुसरा ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला तेव्हा डीकनने त्याचा प्लग भिंतीतून उपटला. गाडी पहिल्यावर चालूच होती. उपटलेला प्लग ते झाडाच्या चंदेरी झिरमिळ्यांवर टाकणार, एवढ्यात बाई ओरडल्या, "थांबा! त्याच्या पिनांना हात लावू नका!"

"अहो, भिंतीतून काढलाय. मेलाय तो."

"मग जिभेला लावून बघा."

पास्टरांनी हातातली रताळ्याची पेस्ट्री खाली ठेवली. बाईंनी पर्समधून वेंडेलचा टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमध्ये दिवा आणि दोन वायरी. वायरींची टोकं त्या मेलेल्या प्लगच्या पिनांना टेकवली. दिवा लख्ख पेटला.



"ट्रान्सफॉर्मर भिंतीतली वीज बारीक करून रुळांत सोडतो," बाई म्हणाल्या. "आणि रुळांतून उलटी शिरली की तीच पुन्हा मोठी करतो. तुमच्या पहिल्याने दुसऱ्याला उलटं पाजलं. हा प्लग भिंतीइतकाच जिवंत आहे, डीकन. तुमच्या डोक्यापेक्षा जास्तच."

"मी… तेच तपासत होतो," डीकन म्हणाले. घामाने कॉलर ओली झाली होती, पण आवाज शाबूत होता.

बाईंनी आधी पहिल्याचा प्लग काढला, मग दुसऱ्याची जोडणीच उपटून टाकली. पहिल्याची वायरही बोटाने दाबून पाहिली. तिचं रबर बिस्किटासारखं तुटून पडलं. पास्टर स्वतः दुकानात जाऊन नवी वायर घेऊन आले. बाईंनी ती बसवली, डोंगर चापटून चढाव कमी केला, दोन डबे काढले. गाडी हळू, पण न थांबता फिरू लागली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"नेणार का घरी?" मी विचारलं.

"गाडीने काय पाप केलंय?"

रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळींपुढे सांगायच्या वेळी, डीकन उभे राहिले. "झाडापाशी उभा असताना प्रभूने मला दाखवलं, की काढलेला प्लगही जिवंत असतो!" मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. पास्टरांनी खोल श्वास घेतला, ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवली आणि गायला लागले, "प्रभू दाखवतो… कधी एखाद्या बहिणीच्या पर्समधून…" सूर चढत गेला, माझ्या अंगावर काटा आला, आणि टिपेच्या अलीकडे डीकनने "आमेन!" ठोकलं.

आर्डेलाबाई प्रवचन संपल्यावर खाली हॉलमध्ये गेल्या आणि प्लगापाशी खुर्ची टाकून बसल्या. ख्रिसमस उलटेपर्यंत डीकनला तिथे फिरकू दिलं नाही.