साच्यात परत आलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, लोखंडाचा, लाकडी मुठींचा. माझे दोन्ही भाग मिटले की मध्ये बोटाच्या पेराएवढी पोकळी उरते. तिच्यात वितळलेले शिसे ओततात आणि रायफलची गोळी तयार होते. पण काय सांगू तुम्हाला त्या शिशाचे रूप! शेगडीवरच्या भांड्यात मळकट तुकडे टाकावेत आणि थोड्या वेळाने तिथे चांदीचे तळे दिसावे. इतकी वर्षे झाली, तरी मी पाहतच राहतो.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात अ‍ॅन्सेलने मला घरी आणले ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. गोळी चिकटू नये म्हणून तो मला आधी पेटत्या काडीच्या धुराने काळा करी, मग तापवी. मी गार असलो तर गोळ्या सुरकुततात. गोळी पाडायला तो मला लाकडी दांडक्यानेच ठोके, लोखंड कधी लागू देत नसे. गोळी हातात घेऊन शेजारी वाहवा करत आणि मी फुलून जाई. पुढे अ‍ॅन्सेलची नजर अधू झाली. त्याची जाड नळीची रायफल त्याच्या बायकोकडे, व्हर्नाकडे गेली; ती गालाशी टेकवून व्हर्ना नेम धरू लागली. काडतुसे मात्र तोच भरी.

त्या घरात एक नियम होता. काडतुसांच्या पितळी नळ्यांत बंदुकीची दारू भरताना कुणी बोलायचे नाही. नळी मोठी, दारू थोडी. चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, कळतही नाही. कळते ते नेम धरणाऱ्याच्या तोंडासमोर रायफल फुटल्यावर.

एका वर्षी एल्क हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दुपारी शेजारचा क्लीट धाडकन आत आला. "अरे अ‍ॅन्सेल, कळप खालच्या कुरणात उतरलाय!" अ‍ॅन्सेलचा हात थांबला. गप्पा रंगल्या. क्लीट गेल्यावर अ‍ॅन्सेलने उरलेल्या नळ्यांत दारू भरली आणि सगळ्या नळ्यांवर गोळ्या बसवल्या.

जेवताना व्हर्नाने विचारले, "क्लीट आला तेव्हा हात कुठल्या नळीवर होता?"

"आहे की लक्षात."

"कुठल्या?"

अ‍ॅन्सेल ताटातले घेवडे चिवडत बसला.

"सगळी काडतुसं उघडायची," ती म्हणाली.

"उद्या पहिला दिवस आहे, बाई! बंदुकांचे आवाज ऐकले की कळप डोंगरापलीकडे पळणार. हिवाळाभर काय बटाटे खायचे?"

"खाईन. पण ते बघायला डोळे जागेवर हवेत माझे."

सकाळी दोघे माझ्यासमोर बसले. डोंगराच्या वरच्या धारेवरून इतरांच्या रायफलींचे आवाज येत होते. पोकळ हातोडीत काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटले की गोळी निसटून बाहेर येई, मागून दारू.

"गेलं आपलं मांस," अ‍ॅन्सेल पुटपुटला. "झालं का समाधान?"

व्हर्ना आपटतच राहिली. बरीच काडतुसे निर्दोष निघाली. मग एकातून दारू सांडू लागली, आणि सांडतच राहिली. बशीत दुप्पट ढीग झाला.

अ‍ॅन्सेलचा चेहरा पांढराफटक पडला. "व्हर्ना, हे मी तुझ्या हातात..."

"दिलं नाहीस ना अजून," ती म्हणाली. "तापव साचा."

ठोके खाऊन चेपलेली ती गोळी तिने भांड्यात टाकली. माझ्याच पोटची गोळी हळूहळू चांदीत विरली आणि पुन्हा माझ्या पोटात आली. केवढे हे नवल! शिशाला दुसरा जन्म मिळतो. व्हर्नाला मिळाला नसता.

कळप त्या वर्षी परतला नाही आणि अ‍ॅन्सेलने एकदाही कुरकुर केली नाही.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, तेलाचा हात लावत जा. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. तुमच्या हातून झालेल्या कामाची शंका आली तर कितीही उशीर होवो, ते उघडून बघा. कुणीतरी ते विश्वासाने गालाशी धरणार असते.