मेलेल्या फास्तीचा दगड

मी दगड बोलतोय. साधासुधा नाही, अक्षरं कोरून लाल रंगाने रंगवलेला. आमच्याकडे, उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, माणूस परदेशात मेला की त्याच्या नावाचा दगड रस्त्याकडेला उभा करतात. आमच्या खोऱ्यात असे बावीस दगड आहेत आणि बावीसच्या बावीस माणसं उमदी होती. मग शेजाऱ्यांच्या मेंढ्या कोण पळवायचं, हे आम्हा दगडांना अजून कळलेलं नाही.

माझ्यावर कोरलंय, 'गुन्वोरने हा दगड नवऱ्यासाठी, फास्तीसाठी उभा केला. उमदा माणूस होता. पूर्वेला लढताना मेला.'

ही बातमी फास्तीच्या नावेवरच्या सोबत्यांनी आणली, रडत रडत. गुन्वोरही रडली. मग तिने डोळे पुसले, घराच्या किल्ल्या कमरेला लावल्या आणि शेत बघायला घेतलं. सहा वर्षांत गाई दुप्पट झाल्या. लोक म्हणायचे, फास्ती असता तर किती खूश झाला असता. तो असता तर झाल्या असत्या का, असं कोणी म्हणायचं नाही.

सातव्या उन्हाळ्यात फास्ती चालत आला. घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कोण पाहिजे?" गुन्वोरने दारातूनच विचारलं.

"अगं, मी. फास्ती."

"ते वारले. रस्त्यावर दगड आहे, बघून घ्या."

तो माझ्याकडे आला. वाचता येईना. मग मला कोरणाऱ्या कारीला बोलावलं. कारीने बोट फिरवत वाचून दाखवलं, तसं फास्तीला भरून आलं. 'उमदा'पाशी त्याने कारीला तीनदा थांबवलं.

तरीही त्याला घर हवंच होतं. खोऱ्यातली सभा माझ्यासमोरच भरली, कारण मुख्य साक्षीदार मी आणि मला चालता येत नाही. म्हातारा ओडिंकार, ज्याला सगळे कायदे तोंडपाठ, पुढे आला. गुन्वोरने वाजू नयेत म्हणून किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.

"दगड खोटा असेल तर पुसू," ओडिंकार म्हणाला. "पण पुसायचा तर सगळा. आणि तू मेला नाहीस, तर झालं काय ते सगळ्यांसमोर सांग."

फास्ती पायाकडे बघायला लागला. त्याचे सोबतीही पायाकडे बघायला लागले. झालं होतं ते असं. एका नदीतून दुसऱ्या नदीत जायचं तर नाव जमिनीवरून ओढून न्यावी लागते. नाव ओढायची वेळ आली की फास्तीची कंबर धरायची. त्या दिवशी तो झुडपात लपला आणि झोपला. त्याला शोधायला मागे कोण जाणार, म्हणून बाकीचे पुढे गेले. मग सहा वर्षं त्याने एका परक्या म्हातारीच्या शेळ्या राखल्या. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

"'उमदा'सुद्धा पुसणार?" त्याने विचारलं.

"'उमदा'सुद्धा."

त्याने माझ्यावरच्या 'उमदा'वरून बोट फिरवलं.

"मग फास्ती मेला," फास्ती म्हणाला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मेलेल्याच्या नावाने बिअर प्यायली. मेलेला दोनदा प्यायला.

गुन्वोरला गडी हवाच होता. तिने त्याला गोठ्यात जागा दिली. उशिरा उगवला म्हणून लोकांनी नाव ठेवलं उशिऱ्या. दर वसंतात तो मला रंगवायचा आणि वाटसरूंना फास्तीच्या गोष्टी सांगायचा. पहिल्या वर्षी फास्तीने चार शत्रू मारले. दहाव्या वर्षी चाळीस, वर एक अस्वल.

एकदा गुन्वोर त्याचं जेवण इथेच घेऊन आली, गरम जवाची लापशी.

"मालकीणबाई, कसा होता हो तुमचा नवरा?" त्याने विचारलं.

"गेल्यावर सुधारला," ती म्हणाली आणि लापशीवर लोण्याचा गोळा ठेवला.

एका हिवाळ्यात तो खोकल्याने गेला. गड्याचा दगड कोणी उभा करत नाही.

आता हजार वर्षं झाली. रंग उडालाय, अंगावर शेवाळ आहे. मास्तर पोरांना आणतात आणि बघा, केवढा शूर वीर, असं सांगतात. मी गप्प बसतो, सवय आहे. तुम्ही कधी आलात तर थोडा लाल रंग घेऊन या. सुरुवात 'उमदा'पासून करा. तो तिथूनच करायचा.